भातुकलीत कोण जिंकतं?

संक्रांतीला आमच्याकडे तिळगुळाला दहा-बारा मंडळी जमली होती. मिसिसॉगात बाहेर उणे सोळा, आत गुळपोळ्या आणि तूप. माझी आई तेव्हा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती. गप्पांच्या ओघात माझा सोळा वर्षांचा मुलगा म्हणाला, "आजीने अख्खा गेम पूर्ण केला, माहितीये?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमचा एक मित्र आहे, पंचेचाळिशीतला, अजूनही रात्री दोनपर्यंत हातात कंट्रोलर घेऊन बसणारा. त्याने विचारलं, "कुठला गेम, काकू?" आईने हौसेने सांगितलं. तो हसला. "अहो काकू, तो काही गेम नाही. त्यात कोणी मरत नाही, कोणी हरत नाही. बटणं दाबत गेलं की संपतो. दीड तासाचा सिनेमाच आहे तो."

आई पण हसली. "असेल बाबा," म्हणाली आणि त्याला आणखी एक गुळपोळी वाढली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलाने तिच्यापुढे कंट्रोलर धरला, तर तिने तो घेतला नाही. म्हणाली, "नको रे. मला काय कळतं त्यातलं. मी आपली बटणं दाबत होते."

तर मंडळी, हा लेख त्या एका वाक्याशी भांडण्यासाठी आहे. आमच्या मित्राशी नाही. तो भला माणूस आहे, हे वाचणारच आहे, आणि त्याचं मत त्याच्या एकट्याचं नाही. खेळ म्हटला की तो अवघड हवा, त्यात हरण्याची भीती हवी, घाम गाळल्याशिवाय शेवट दिसता कामा नये, नुसती गोष्ट सांगायची तर पुस्तक लिहा नाहीतर सिनेमा काढा. व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांच्या जगात हे मत गेली कित्येक वर्षं फार ठसक्यात मांडलं जातं. मला ते चुकीचं वाटतं. का, ते सांगते.

आधी आईने खेळलेला तो खेळ. त्याचं नाव 'वेन्बा'. टोरोंटोतल्या विसाई गेम्स या छोट्या चमूने तो बनवला आणि २०२३च्या जुलैत तो आला. १९८०च्या दशकात तमिळनाडूतून कॅनडात आलेलं एक जोडपं, त्यांचा इथे जन्मलेला मुलगा, आणि आईकडून आलेलं, पानं फाटलेलं, शाई पुसलेलं पाककृतींचं एक बाड. जे पुसलं गेलंय ते अंदाजाने भरून काढत एकेक पदार्थ करायचा. मधल्या काळात मुलगा मोठा होतो, तमिळ बोलायला कंटाळतो, दूर जातो. पदार्थ चुकला तर पुन्हा करायचा, बस. २०२४ मध्ये याला पदार्पणाच्या खेळासाठीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. म्हणजे आमच्या मित्राने ज्याला खेळ मानायला नकार दिला, त्याला खेळांचा पुरस्कार देणारे लोक खेळच मानत होते. पण पुरस्काराने वाद मिटत नाही, म्हणून तो मुद्दा मी बाजूला ठेवते.

आमच्या बेसमेंटमध्ये काय घडलं ते ऐका. पहिलाच पदार्थ इडली. आधी माझा मुलगा खेळत होता. हा मुलगा 'एल्डन रिंग' खेळलेला. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, २०२२ मध्ये आलेला हा खेळ अवघडपणासाठीच नावाजला गेला. त्यात सुरुवातीलाच मार्गिट नावाचा एक राक्षस वाट अडवून उभा असतो. त्याच्या हातून माझा मुलगा चाळीसेक वेळा मेला आणि एकेचाळिसाव्यांदा त्याला मारून घरभर नाचला. तर या वीराने इडलीच्या ताटल्या सरळ एकावर एक रचल्या आणि इडल्या बिघडल्या. मागे शाल घेऊन बसलेली आई न राहवून म्हणाली, "अरे, खालच्या इडलीवर वरची इडली कशी ठेवतोस? भोकं वर-खाली येऊ देत. वाफ जायची कुठून?" मुलाने ताटली फिरवली. इडली झाली. त्याने कंट्रोलर तिच्या हातात दिला आणि स्वतः तिच्या शेजारी जाऊन बसला.

आता मला सांगा, तो खेळ सोपा होता की अवघड?

माझ्या मुलाला अवघड होता, आईला सोपा. मार्गिट त्याला शेवटी जमला. आईच्या संधिवाताने धरलेल्या बोटांना तो सात जन्मांत जमणार नाही. 'खेळात आव्हान हवं' असं म्हणणारे लोक ज्याला आव्हान म्हणतात, ते बहुतेक वेळा एकाच जातीचं असतं: वेगाने हलणारी बोटं, सेकंदाच्या अंशात डोळ्याने हेरलेली हालचाल, आणि पुन्हापुन्हा मरायला लागणारा मोकळा वेळ. विशीतल्या, धडधाकट, रात्री मोकळ्या असणाऱ्या पोरांचा मापदंड आहे हा. तो वाईट नाही, पण त्याला 'खेळाचा' मापदंड म्हणायचं आणि चाळीस वर्षं स्वयंपाकघरात वाफेशी हुज्जत घातलेल्या बाईला 'तुम्ही खेळलाच नाहीत' म्हणून सांगायचं, हे मला मान्य नाही.

आमच्या मित्राचा दुसरा आक्षेप असा की जिंकणं-हरणं नसेल तर तो खेळच कसला. इथे मी मराठीलाच साक्षीला बोलावते. आपल्या भाषेत क्रिकेटचा खेळ असतो तसा नाटकाचाही खेळ असतो, कळसूत्री बाहुल्यांचा खेळ असतो, डोंबाऱ्याचा खेळ असतो, सिनेमाचा पहिला खेळ दुपारी बाराचा असतो. कोकणात नमन करणाऱ्यांना खेळे म्हणतात. 'खेळ' या शब्दात चुरस आणि सोंग दोन्ही पहिल्यापासून एकाच पंक्तीला बसलेत. आणि आपण सगळ्यांनी, निदान सगळ्याजणींनी, आयुष्यात सर्वांत आधी खेळलेला खेळ कुठला? भातुकली. भातुकलीत कोण जिंकतं? चिमुकल्या चुलीवर खोटा भात शिजायचा, बाहुलीला जेवू घालायचं, लग्न लावायचं, रडून पाठवणी करायची. गुण नाहीत, पातळ्या नाहीत, शेवटचा राक्षस नाही. तो खेळ नव्हता, असं कुठल्या मुलीला सांगून बघा.

त्याहून गंमत मोक्षपटाची. परंपरा सांगते की हा पट ज्ञानदेवांनी रचला. आज सापशिडी म्हणून आपण जो खेळतो त्याच्या घराण्यातला तो. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप, आणि वर मोक्ष. यात खेळणाऱ्याचं कौशल्य किती? शून्य. कवड्या पडतील तसं सरकायचं. डावपेच नाही, सराव नाही, कुठलाही निर्णय नाही. आमच्या मित्राच्या व्याख्येत हा खेळ बसूच शकत नाही. तरी लोकांनी तो पिढ्यान् पिढ्या खेळला, कारण क्रोधाचा साप गिळतो तेव्हा तो *तुमच्या* सोंगटीला गिळतो. गोष्ट कोणीतरी दुसऱ्याने सांगितली तर ती कीर्तन झाली असती. सोंगटी तुमची आहे एवढ्यानेच तिचा खेळ झाला.

माझी कसोटी हीच आहे आणि ती फार साधी आहे. कुठलाही व्हिडिओ गेम घ्या आणि विचारा: हा मी स्वतः न खेळता दुसऱ्याला खेळताना नुसता पाहिला, तर काही हरवेल का? हरवत असेल तर तो खेळ. मग तो बोटं मोडेपर्यंत अवघड असो, नाहीतर लहान मुलालाही जमेल इतका सोपा.

एक उदाहरण देते. 'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच' हा २०१७चा खेळ. एका घराण्यातली माणसं एकेक करून कशी गेली, त्याच्या या गोष्टी. त्यात लुईस नावाचा तरुण माशांच्या कारखान्यात काम करतो. एका हाताने मासा ओढायचा, पात्याखाली धरायचा, डोकं उडवायचं, पुढे ढकलायचा. पुन्हा मासा. दुसऱ्या हाताने त्याच्या मनातल्या राज्यात त्याला फिरवायचं. सुरुवातीला ते राज्य पडद्याच्या कोपऱ्यात असतं. मग ते वाढत जातं, रंगीत होतं, गाणी येतात, आणि थोड्या वेळाने तुमच्या लक्षात येतं की पहिला हात अजून मासे कापतोय आणि तुम्हाला त्याचा पत्ताच नाही. लुईसचं नेमकं काय झालं, हे तेव्हा तुमच्या मनगटाला कळतं. यात अवघड काहीच नाही. पण सिनेमाला हे जमणार नाही, कारण सिनेमात मासे दुसरा कोणीतरी कापत असतो. परदेशात येऊन पहिली काही वर्षं गोदामात, गॅस स्टेशनवर किंवा कॉल सेंटरमध्ये काढलेल्या ज्या कोणाला 'हात एकीकडे, मन एकीकडे' हे ठाऊक आहे, त्याने ही दहा मिनिटं स्वतः खेळून पाहावीत.

याच खेळाच्या निमित्ताने इयान बोगोस्ट या अभ्यासकाने त्याच वर्षी 'द अटलांटिक'मध्ये लिहिलं की व्हिडिओ गेमनी गोष्टी सांगायचा नाद सोडावा, कारण त्यांच्या उत्तम गोष्टीही बऱ्यापैकी पुस्तका-सिनेमांच्या मागेच पडतात. त्याआधी २०१०मध्ये चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी लिहिलं होतं की व्हिडिओ गेम कधी कला होऊ शकणार नाहीत, आणि त्यांचं एक कारण असं की खेळ जिंकता येतो, कलाकृती जिंकता येत नाही. त्यावर जगभरचे खेळाडू चवताळून उठले. आणि त्यातलेच कितीतरी जण पुढे 'गॉन होम'सारख्या खेळावर तुटून पडले. २०१३चा हा खेळ. एक मुलगी परदेशातून रात्री घरी येते, घरात कोणी नाही, आणि खोल्याखोल्यांतून फिरत धाकट्या बहिणीचं काय झालं ते तिला शोधायचं असतं. शत्रू नाही, मरण नाही, म्हणून हा खेळ नाही! अशा खेळांना हिणवायला 'वॉकिंग सिम्युलेटर' हे नावच रूढ झालं. म्हणजे ईबर्ट म्हणाले 'खेळ म्हणजे जे जिंकता येतं ते', तेव्हा राग आला. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा तीच व्याख्या काठीसारखी हातात घेतली.

ही काठी माणसांवरही पडते. बायोवेअर कंपनीतल्या एका लेखिकेने २००६मध्ये एका मुलाखतीत म्हटलं होतं की मारामारी वगळून थेट गोष्टीकडे जाता यावं, अशी सोय खेळात असावी. संवाद वगळायची सोय असतेच की, मग मारामारी का नाही? २०१२मध्ये ती मुलाखत कोणीतरी उकरून काढली आणि त्या बाईवर शिव्यांचा असा वर्षाव झाला की विचारू नका. आणि त्याच्या आदल्याच वर्षी 'एल. ए. न्वार' या गुन्हेशोधाच्या खेळाने पुन्हापुन्हा हरलात तर मारधाडीचा प्रसंग ओलांडून पुढे जायची सोय दिलेली होती. कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

आता दुसऱ्या बाजूचं जे खरं आहे ते मी लपवणार नाही. काही खेळांत अवघडपणा हीच गोष्ट असते. 'पेपर्स, प्लीज' हा २०१३चा खेळ. एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सरहद्दीवर तुम्ही कागद तपासणारे अधिकारी. खिडकीच्या *आतल्या* बाजूला. दिवस संपत आलेला, रांग मोठी, चुकलात तर पगार कापला जाणार, घरी मुलगा आजारी आणि घर गरम ठेवायला पैसे नाहीत. समोरची बाई म्हणते, कागद अपुरे आहेत पण नवरा पुढे गेलाय, सोडा. हा खेळ सोपा केला तर प्रत्येक जण प्रत्येकाला सोडून देईल आणि स्वतःला दयाळू समजेल. घड्याळ आणि पगार यांच्या कात्रीत सापडल्यावर आपण काय करतो, हेच तर त्याला दाखवायचंय. विमानतळावर त्या खिडकीच्या *बाहेरच्या* बाजूला उभं राहून ज्याचे तळवे ओले झालेत, अशा कोणीही तो खेळावा. तिथे आव्हान काढून घ्या म्हणणारी मी नाही.

आणि गोष्टीच्या नावाखाली खपवले जाणारे रद्दी खेळही पुष्कळ आहेत. दहा मिनिटं सिनेमा दाखवायचा, मग पाच मिनिटं बंदूक हातात द्यायची, मग पुन्हा सिनेमा. तुम्ही काय केलंत याचा पुढच्या गोष्टीशी संबंध शून्य. माझ्या कसोटीला हे खेळ उतरत नाहीत, भले त्यांतली मारामारी कितीही अवघड असो.

मग मी कशाशी भांडतेय? अवघडपणा हा दाराशी बसलेला तिकीटतपासनीस झाला आहे, त्याच्याशी. 'सेलेस्ट' हा २०१८चा खेळ घ्या. मनातल्या भीतीशी झगडत डोंगर चढणारी मुलगी. प्रत्येक उडी जीवघेणी. इथे चढण हीच गोष्ट. तरीही बनवणाऱ्यांनी त्यात मदतीची सोय ठेवली: खेळाचा वेग कमी करा, दम न संपणारा करा, हवं तर मरणच बंद करा. ज्याला नको त्याने त्या पानाकडे बघू नये. 'द लास्ट ऑफ अस'च्या २०२०च्या दुसऱ्या भागात कमी दिसणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या, हात नीट न चालणाऱ्या माणसांसाठी साठाहून अधिक सोयी दिल्या. त्यामुळे ज्यांना घाम गाळायचाय त्यांचा घाम कमी झाला का? आणि उलट, 'सेकिरो'ने २०१९मध्ये एकच काठिण्यपातळी ठेवली, तर सोय मागणाऱ्यांना 'आधी शिकून या' असं ऐकवलं गेलं.

हे 'आधी शिकून या' मला फार ओळखीचं वाटतं. तुम्हालाही वाटेल. आपण परदेशातले मराठी लोक कष्टांचे हिशेब मांडण्यात पटाईत. आम्ही दोन बॅगा घेऊन आलो, आम्ही एका खोलीत पाच जण राहिलो, आम्ही बर्फात बससाठी उभे राहिलो. खरं आहे, कौतुकही आहे. पण त्याच्या पुढचं वाक्य अनेकदा असं येतं की मग तुम्हाला का सोपं मिळावं? सासूने छळलं म्हणून सुनेला छळणारी सासू आणि 'मी शंभरदा मेलो, तू का नाही?' म्हणणारा खेळाडू, यांच्या तर्कात मला फारसा फरक दिसत नाही. मुलांच्या बाबतीतही आपलं तेच. चित्र काढलं तर स्पर्धेत पाठवलंस का? पेटी शिकतोस तर परीक्षा कितवी? एखादी गोष्ट नुसती करावी, तिच्यात रमावं, हे आपल्या हिशेबात बसत नाही.

'दीड तासात संपतो, पैसे वसूल होत नाहीत,' हाही आक्षेप असतो. तो मला बुफेच्या रांगेत ऐकू येणाऱ्या वाक्यासारखा वाटतो. चांगली कथा वीस पानांची असते म्हणून आपण प्रकाशकाकडे पैसे परत मागत नाही.

राहता राहिली माझी आई. तिने त्या खेळात जे केलं ते 'बटणं दाबणं' नव्हतं. शेवटाकडे तो मोठा झालेला मुलगा आईचं बाड उघडतो आणि अर्धवट वाचता येणाऱ्या तमिळमध्ये स्वतः रांधायला बघतो. तिथे आई बराच वेळ थांबली होती. बटण दाबायचं होतं, तिने दाबलं नाही. माझा मुलगा म्हणाला, "आजी, पुढे जा ना." ती म्हणाली, "थांब जरा. त्याला वाचू दे." मग तिने त्याला, म्हणजे माझ्या मुलाला, विचारलं, "तुला माझं अक्षर वाचता येतं का रे?" तो गप्प बसला. त्याला मराठी समजतं, बोलता येतं थोडंफार, वाचता येत नाही. हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं, पण घरात कोणी कधी मोठ्याने विचारलं नव्हतं.

मार्गिटला मारताना तो चाळीस वेळा हरला, पण असा गप्प एकदाही झाला नाही.

तेव्हा मंडळी, यंदा तुमचे आईवडील येतील तेव्हा त्यांना मॉल आणि नायगारा दाखवून झाला की बेसमेंटमध्ये न्या, मुलांच्या शेजारी बसवा आणि कंट्रोलर त्यांच्या हातात द्या. कोणी शेजारून म्हणालं की हा खेळ नाही, तर त्याला भातुकलीत कोण जिंकतं ते विचारा.

आमची आई ऑक्टोबरात पुन्हा येतेय. त्या मित्रालाही जेवायला बोलावणार आहे. जेवणाआधी खरं इडलीपात्र, भिजवलेलं पीठ आणि ताटल्या त्याच्यासमोर ठेवणार, आणि कोणी काही सांगायचं नाही अशी घरात ताकीद देणार. बघू किती वेळा मरतो ते.